पाळीव कुत्र्यांसाठी स्वस्त मांस : काय घ्यावे, कसे द्यावे

परभणी जिल्ह्याच्या आग्नेय भागात, गंगाखेडहून लोह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पालम हे तालुक्याचे गाव आहे. या परिसरात कुत्रा हा हौसेखातर पाळला जाणारा प्राणी नव्हे. शेतातील आखाड्यावर रात्री बैल, म्हशी व धान्य यांची राखण तोच करतो. मेंढपाळाच्या कळपामागे तोच धावतो आणि रानडुकरांना पिकापासून दूर ठेवण्यातही त्याचा वाटा असतो. अशा कष्टाच्या प्राण्याला पोटभर व सकस अन्न मिळावे, ही त्याच्या मालकाची इच्छा स्वाभाविक आहे. शेतकऱ्याच्या घरी भाकरी असते, क्वचित ताकही असते. मांस मात्र विकत घेऊन कुत्र्याला घालणे बहुतेकांना परवडणारे नाही. म्हणून खाटकाच्या ओट्यावरून टाकून दिलेले अवयव किंवा कोंबडीच्या दुकानातील डोकी व पाय कुत्र्यापुढे टाकले जातात, आणि तेही कच्चे.

शहरांतील श्वानप्रेमींमध्ये गेल्या काही वर्षांत हीच गोष्ट निराळ्या नावाने रूढ झाली आहे. ऑस्ट्रेलियातील पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात कुत्र्याला कच्चे मांस व कच्ची हाडे द्यावीत असे प्रतिपादन केले, आणि तेव्हापासून या आहारपद्धतीचा जगभर प्रसार झाला. कच्च्या मांसाने दात स्वच्छ राहतात, केस तुकतुकीत होतात, असे तिचे पुरस्कर्ते सांगतात. पुणे-मुंबईतील मालक त्यासाठी स्वस्त मांसाच्या शोधात असतो. पालमच्या आखाड्यावरील मालकाला ते न शोधताच मिळते. दोघांपुढील प्रश्न मात्र एकच आहे. हे मांस खरोखर स्वस्त आहे काय? या लेखात त्याचा विचार केला आहे. प्रारंभीच एवढे सांगता येईल की, मांस स्वस्त मिळू शकते व ते कुत्र्याला अवश्य द्यावे. परंतु ते शिजवूनच द्यावे. कच्च्या अवयवांची खरी किंमत कुत्रा देत नाही. ती घरातील माणसे आणि गोठ्यातील जनावरे देतात.

स्वस्त मांस कोठे मिळते?

मनुष्य जे भाग आवडीने खात नाही, तेच भाग कुत्र्याच्या दृष्टीने स्वस्त व पौष्टिक ठरतात. त्यांची तीन ठिकाणे आहेत.

पहिले ठिकाण म्हणजे कोंबडीचे दुकान. मान, पाय, डोके, काळीज व पेटा हे भाग तेथे मांसापेक्षा पुष्कळच कमी दरात मिळतात. काही भाग तर दुकानदाराला फेकूनच द्यावे लागतात. छोट्या गावात नियमितपणे मिळणारे मांसखाद्य बहुधा हेच असते.

दुसरे ठिकाण म्हणजे शेळी-मेंढीच्या मांसाचे दुकान. वजडी, फुप्फुस, तिल्ली, काळीज, मुंडी व पाय हे भाग येथे मिळतात. यांपैकी मुंडी, पाय, काळीज व वजडी यांना माणसांकडूनही मागणी असते. फुप्फुस, तिल्ली आणि रोगट दिसणारे काळीज मात्र बहुधा कुत्र्याच्या वाट्याला येते. पुढे सांगितलेला धोका नेमका याच अवयवांत असतो.

तिसरे ठिकाण म्हणजे म्हैसवर्गीय जनावरांचे मांस. महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियमातील सुधारणा मार्च २०१५ मध्ये अमलात आल्यापासून राज्यात गायीबरोबरच बैल व वळू यांच्याही कत्तलीस बंदी आहे. म्हैसवर्गीय जनावरांच्या बाबतीत सक्षम अधिकाऱ्याचा दाखला आवश्यक असतो. तेव्हा असे मांस घ्यावयाचे असल्यास ते परवानाधारक दुकानातूनच घ्यावे.

चौथे ठिकाण सांगावयाचे ते केवळ निषेध करण्यासाठी. मेलेल्या जनावराचे मांस कुत्र्याला कधीही घालू नये. जनावर अचानक दगावले असेल आणि त्याच्या नाकातोंडातून काळसर, न गोठणारे रक्त येत असेल, तर तो काळपुळीचा रोग असू शकतो. असे शव फाडल्यास रोगाचे जंतू बीजरूप धारण करतात व जमिनीत अनेक दशके टिकून राहतात. पूर्वी मृत जनावरांचा फडशा गिधाडे पाडीत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे १९९० नंतरच्या दशकात गिधाडांची संख्या झपाट्याने घटली. २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरासाठी या औषधावर बंदी आली. मधल्या काळात गिधाडांची जागा मोकाट कुत्र्यांनी घेतली. गावाबाहेर टाकलेले शव हे आज कुत्र्यांच्या टोळ्यांचे अन्नछत्र झाले आहे. म्हणून शव खोल खड्ड्यात, चुना टाकून पुरणे हाच योग्य मार्ग होय.

दिसत नाही असा शत्रू

कच्च्या अवयवांतून होणाऱ्या रोगांपैकी आपल्याकडे सर्वांत कमी माहीत असलेला आणि मेंढपाळ-शेतकरी कुटुंबांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा रोग म्हणजे हायडॅटिड रोग. एक अतिशय लहान पट्टकृमी त्याला कारणीभूत असतो. त्याची लांबी अवघी ३ ते ६ मिलिमीटर असते. तो कुत्र्याच्या लहान आतड्यात राहतो. एका कुत्र्याच्या पोटात असे हजारो कृमी असू शकतात. तरीही कुत्रा धडधाकट दिसतो, खातो-पितो आणि राखण करतो. त्यामुळे मालकाला काहीच संशय येत नाही.

या कृमीची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात व गवतावर, अंगणात, पाणवठ्याच्या काठी पसरतात. ती शेळी, मेंढी, म्हैस यांच्या चाऱ्याबरोबर पोटात गेली की त्यांच्या काळजात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी तयार होतात. या गाठींतील द्रवात कृमीची असंख्य सूक्ष्म डोकी असतात. असे जनावर कापले जाते, गाठींनी भरलेले काळीज गिऱ्हाईक घेत नाही आणि खाटीक ते कुत्र्यापुढे टाकतो. सुमारे सहा ते सात आठवड्यांत त्या कुत्र्याच्या विष्ठेतून पुन्हा अंडी पडू लागतात. रोगाचे चक्र असे पूर्ण होते.

माणूस या चक्रात अपघाताने सापडतो. कुत्र्याच्या केसांना चिकटलेली अंडी त्याला कुरवाळणाऱ्या मुलाच्या हाताला लागतात आणि हात न धुता जेवल्यास पोटात जातात. न धुतलेल्या भाजीतून किंवा दूषित पाण्यातूनही ती जाऊ शकतात. त्यानंतर माणसाच्याही काळजात व फुप्फुसात तशाच गाठी वाढू लागतात. ही वाढ इतकी मंद असते की लक्षणे दिसेपर्यंत अनेक वर्षे लोटतात. लहानपणी झालेला संसर्ग ऐन उमेदीच्या वयात उघडकीस येतो. गाठ अंगातच फुटली तर जीवावर बेतू शकते. उपचार म्हणजे अल्बेंडाझोलसारखी दीर्घकाळ घ्यावयाची औषधे आणि अनेकदा शस्त्रक्रिया. त्याचा भार शेतमजुराच्या कुटुंबाला किती जड होतो, हे सांगावयास नको.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मटण खाल्ल्याने माणसाला हा रोग होत नाही. गाठ असलेले काळीज माणसाने खाल्ले तरी त्याच्या पोटात हा कृमी वाढत नाही. रोग माणसापर्यंत पोहोचतो तो कुत्र्यामार्फतच. म्हणून खाणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. टाकलेले अवयव कच्चे कुत्र्यापर्यंत पोहोचू नयेत, एवढेच पाहावयाचे आहे.

मेंढपाळांच्या माहितीचा आणखी एक प्रकार असाच आहे. एखादी मेंढी मान एका बाजूला कलवून गोल गोल फिरू लागते, कळपातून मागे पडते आणि शेवटी दगावते. कुत्र्याच्या आतड्यातील दुसऱ्या एका पट्टकृमीची अंडी मेंढीच्या पोटात गेल्याने तिच्या मेंदूत गाठ होते, हे त्यामागील एक प्रमुख कारण आहे. अशा मेंढीची मुंडी फोडून कुत्र्याला घातली की पुढील वर्षाच्या नुकसानीची तजवीज आपल्याच हाताने होते.

कोंबडीही सर्वस्वी निर्धोक नाही

कोंबडीच्या मांसातून हायडॅटिड रोग होत नाही, हे खरे. परंतु कच्च्या कोंबडीत साल्मोनेलासारखे अतिसाराचे जंतू असू शकतात. ते कुत्र्याच्या भांड्यातून, मांस कापलेल्या सुरीवरून व विष्ठेतून घरात पसरतात. फ्रीजमध्ये गोठवल्याने हे जंतू मरतातच असे नाही.

बर्ड फ्लूचा अनुभव तर परभणी जिल्ह्याला प्रत्यक्ष आहे. जानेवारी २०२१ मध्ये जिल्ह्यातील मुरुंबा या गावी कोंबड्या मोठ्या संख्येने दगावल्या व तपासणीत बर्ड फ्लूचे निदान झाले. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथील केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या याच रोगाने मृत्युमुखी पडले. खाद्य म्हणून दिलेल्या कोंबडीच्या मांसातून संसर्ग झाला असावा, अशी शंका त्या वेळी व्यक्त झाली. घरातील मांजरही त्याच कुळातील आहे, हे लक्षात ठेवावे. मांजराच्या बाबतीत दुसरेही एक कारण आहे. कच्चे मांस खाणाऱ्या मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा हा रोगजंतू पसरू शकतो व तो गरोदर स्त्रीच्या गर्भाला अपायकारक ठरतो. या साऱ्या जंतूंवर एकच सोपा उपाय आहे, तो म्हणजे मांस पूर्णपणे शिजवणे.

शिजवण्याची रीत आणि एका दिवसाचा आहार

शेळी-मेंढीचे अवयव मुठीएवढ्या तुकड्यांत कापून, पाण्यात पूर्ण बुडवून, पाणी खळखळ उकळू लागल्यापासून अर्धा तास उकळावेत. एवढ्याने हायडॅटिडच्या गाठींतील कृमी मरतात. तरीही गाठी स्पष्ट दिसत असतील, तर तो अवयव खाद्यासाठी न घेता दुकानातच बाजूला काढून जाळणे किंवा खोल पुरणे श्रेयस्कर. कोंबडीचे भागही तितकाच वेळ उकळावेत. जळण म्हणून पऱ्हाटी किंवा तुराट्या पुरतात. भांडे व सुरी स्वतंत्र ठेवावी आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या सहवासात राहिला असून धान्यातील पिष्ट पचवण्याची क्षमता त्याच्यात आली आहे. म्हणून ज्वारीची भाकरी त्याला वर्ज्य नाही. मात्र केवळ भाकरीवर त्याचे नीट पोषण होत नाही. सुमारे १५ किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्यास दिवसाला मध्यम आकाराच्या दोन भाकरी आणि शिजवलेले २०० ग्रॅम मांस किंवा अवयव, असा आहार साधारणपणे पुरतो. रात्रंदिवस कळपामागे फिरणाऱ्या कुत्र्याला, गाभण किंवा पिले पाजणाऱ्या कुत्रीला यापेक्षा अधिक लागेल. भाकरी मांसाच्या पाण्यात कुस्करून द्यावी, म्हणजे पाण्यात उतरलेले सत्त्व वाया जात नाही. मांजराला मात्र मांस अत्यावश्यक आहे. त्याला केवळ दूध-भाकरीवर ठेवू नये व मांस शिजवलेले पाणीही त्यालाच द्यावे.

पुढील चार गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे.

१. मांसात कॅल्शियमच्या मानाने फॉस्फरस पंधरा ते वीस पट असतो. निव्वळ मांसावर वाढवलेल्या पिलाची हाडे म्हणूनच ठिसूळ होतात. अंड्याची टरफले धुऊन, उकळून, वाळवून त्यांची बारीक पूड करावी. वरील आहारात रोज अर्धा चहाचा चमचा पूड मिसळल्यास सुमारे एक ग्रॅम कॅल्शियम मिळते.

२. काळीज पौष्टिक असले तरी त्यात अ जीवनसत्त्व फार असते. एकूण मांसाच्या एक दशांशाहून अधिक काळीज रोज देऊ नये.

३. शिजवलेली हाडे देऊ नयेत. ती टोकदार तुकड्यांत फुटतात व घशात किंवा आतड्यात रुततात. मानेचे व पायांचे मांस शिजल्यावर हाडापासून सहज सुटते. ते काढून घ्यावे.

४. कांदा, लसूण, तिखट व मसाला घातलेला रस्सा कुत्र्याला घालू नये. कांदा व लसूण यांनी त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात.

यांच्या जोडीला औषधोपचार हवा. पट्टकृमीवर प्राझिक्वांटेल हे औषध गुणकारी आहे. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोस ५ मिलिग्रॅम हे त्याचे प्रमाण आहे. ज्या कुत्र्याचा कळपाशी किंवा खाटिकखान्याशी संबंध येतो, त्यास हे औषध वर्षातून किमान चार वेळा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावे. औषध दिल्यानंतर पडणारी विष्ठा पुरून टाकावी. रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्यावी, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

दोन देशांचा धडा

हा रोग हटवता येतो काय, अशी शंका कोणाच्या मनात येईल. इतिहासाचे उत्तर होकारार्थी आहे. एकोणिसाव्या शतकात आइसलँड या मेंढपाळांच्या बेटावर हायडॅटिड रोगाने हाहाकार माजवला होता. १८६३ साली हॅराल्ड क्राबे हे डॅनिश संशोधक तेथे गेले व त्यांनी रोगाचा कुत्र्यांशी असलेला संबंध तपासला. त्यानंतर साध्या भाषेत लिहिलेली पुस्तिका छापून घरोघरी मोफत वाटण्यात आली. गाठी असलेले अवयव कुत्र्याला घालू नका, ते नष्ट करा, हाच तिचा आशय होता. आइसलँडच्या लोकांमध्ये वाचनाची आवड होती. त्यांनी ती वाचली व आचरणात आणली. पुढे १८६९ मध्ये कायदाही झाला. विसाव्या शतकात या रोगाचे तेथून उच्चाटन झाले.

न्यूझीलंडने १९५९ मध्ये खास कायदा केला. कुत्र्यांना कच्चे अवयव घालण्यास मनाई झाली आणि कुत्र्यांना ठरावीक मुदतीने औषध देण्याची व्यवस्था झाली. सुरुवातीच्या काळात वापरलेले अरेकोलीन हे औषध आपल्या परिचयाच्या सुपारीतील द्रव्य होते. २००२ मध्ये त्या देशाने आपण या रोगापासून तूर्त मुक्त झाल्याचे जाहीर केले. कुत्रे वा मेंढ्या यांपैकी काहीही सोडून न देता हे साध्य झाले, ही गोष्ट मेंढपाळांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

पंचायतींनी काय करावे?

आपल्या खेड्यांत असा कार्यक्रम राबवण्यासाठी फार मोठ्या निधीची गरज नाही. पुढील कामे ग्रामपंचायत वा नगरपंचायत आपल्या स्वच्छतेच्या कार्यात सहज समाविष्ट करू शकेल.

मांसविक्रेत्यांची बैठक बोलावून प्रत्येक दुकानात झाकणाचा पिंप ठेवण्याचे ठरवावे. टाकाऊ अवयव उघड्यावर, नाल्यात किंवा गावाच्या कडेला न टाकता या पिंपातच जमा व्हावेत. त्यांपैकी खाण्याजोगा भाग मोठ्या पातेल्यात अर्धा तास उकळून कुत्र्यांच्या मालकांना अल्प दरात किंवा मोफत द्यावा. उरलेला भाग कुत्र्यांना उकरता येणार नाही अशा खोल, झाकलेल्या खड्ड्यात पुरावा. विक्रेत्याची विल्हेवाटीची अडचण यामुळे दूर होते आणि मालकाला निर्धोक खाद्य मिळते.

जत्रा, कंदुरी, आषाढातील देवकार्ये व बकरी ईद अशा प्रसंगी घरोघरी किंवा रानात जनावरे कापली जातात. अशा वेळी पंचायतीने आदल्या दिवशी दवंडी देऊन खड्ड्याची जागा कळवावी. श्रद्धेचा प्रश्न येथे उद्भवत नाही; केवळ अवशेषांच्या विल्हेवाटीची सोय करावयाची आहे.

मोकाट कुत्र्यांना खाऊ घालणारे भूतदयावादी नागरिक प्रत्येक गावात असतात. प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ नुसार अशा खाद्यासाठी मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून व येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर ठिकाण ठरवणे अपेक्षित आहे. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, शिजवलेले अन्न मिळू लागले की कुत्रे तेथे जमतात व लसीकरण पथकाचे काम सोपे होते. गावातील किमान सत्तर टक्के कुत्र्यांना लस टोचली गेल्यास रेबीजचा प्रसार थांबवता येतो, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. दया आणि आरोग्य यांचा मेळ असा घालता येतो.

तांत्रिक सल्ल्यासाठी तालुक्यातील पशुवैद्यकीय दवाखाना आहेच. परभणी येथे १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय कार्यरत असून ते आज नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. एखाद्या दुकानात गाठी असलेली काळजे वारंवार आढळू लागल्यास ग्रामपंचायतीने ही गोष्ट दवाखान्याला कळवावी. त्या गाठी ज्या गावच्या शेळ्या-मेंढ्यांत सापडतात, त्या गावच्या कुत्र्यांना औषधाची गरज आहे, असा त्याचा अर्थ होतो.

शाळेत शिकवण्याजोगा धडा

शिक्षकांना हा विषय एका तासिकेत शिकवता येईल. फळ्यावर एक वर्तुळ काढून त्यावर मेंढी, खाटकाचा ओटा, कुत्रा आणि गवत अशी चार ठिकाणे दाखवावीत. कुत्र्यापासून एक बाण वर्तुळाबाहेर काढून तेथे मुलाचे चित्र काढावे. मग विद्यार्थ्यांना विचारावे, ‘हे वर्तुळ कोठे तोडता येईल?’ ओटा आणि कुत्रा यांच्यामध्ये उकळत्या पातेल्याचे चित्र काढले की वर्तुळ तुटते. कुत्रा आणि गवत यांच्यामध्ये औषधाची गोळी ठेवली की ते दुसऱ्या ठिकाणी तुटते. कुत्रा आणि मूल यांच्यामध्ये साबण ठेवला की मूल सुरक्षित राहते. ही तीन चित्रे मुले विसरणार नाहीत.

त्यानंतर प्रत्येक विद्यार्थ्याने घरी जाऊन चार प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून आणावीत. आपला कुत्रा काय खातो? ते कच्चे असते की शिजवलेले? त्याला लस व कृमींचे औषध केव्हा दिले? त्याला हात लावल्यावर घरातील मंडळी हात धुतात काय? वर्गाची ही उत्तरे एकत्र केली की गावाची स्थिती स्पष्ट होते. असा तक्ता शिक्षकांनी ग्रामसभेपुढे ठेवावा. ६ जुलै हा प्राणिजन्य रोग दिन आणि २८ सप्टेंबर हा रेबीज दिन यासाठी सोयीचे आहेत.

एक पातेले, ओंजळभर पऱ्हाटी, अर्ध्या तासाचा वेळ आणि वर्षातून चार वेळा द्यावयाचे औषध, एवढाच या कार्यक्रमाचा खर्च आहे. तो न केल्यास पुढे होणारा खर्च मुलाच्या शस्त्रक्रियेचा आणि कळपातील मेंढ्यांच्या नुकसानीचा असतो. आखाड्यावर रात्रभर जागणाऱ्या कुत्र्याला मांसाचा घास जरूर मिळावा. तो चुलीवरून उतरलेला असावा, याची काळजी आपण सर्वांनी घ्यावी.